व्हिडिओ पाहिला, पडताळून कोण पाहणार?

विज्ञानाचे व्हिडिओ आता दिघ्यातही कमी नाहीत. ठाण्याहून बेलापूरकडे निघालं की नवी मुंबई महापालिकेचा सगळ्यात आधी लागणारा विभाग हाच. एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या उतारावर चढत गेलेल्या इलठणपाडा, ईश्वरनगरसारख्या वस्त्या. दुसऱ्या अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी. रेल्वेचं ‘दिघा गाव’ स्थानक सुरू झालं ते १२ जानेवारी २०२४ ला. मोबाइलचं इंटरनेट त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलं होतं. प्रकाशसंश्लेषण, हृदयाचे कप्पे, ग्रहणं, न्यूटनचे नियम, सातवी-आठवीच्या पुस्तकातला कुठलाही धडा घ्या, त्यावर मराठी-हिंदीत ढिगाने व्हिडिओ सापडतात आणि तेही फुकट. पण ते बघून मुलांना विज्ञान येतं का? आणि त्याहून महत्त्वाचं, कोणी काही छातीठोकपणे सांगितलं की ‘कशावरून?’ असं विचारायची सवय त्यांना लागते का? हे तपासायला आपल्याकडे पन्नास वर्षांचा अनुभव आहे आणि जगभरचं संशोधनही आहे. त्या सगळ्यातून मला एक गोष्ट ठळक दिसते. व्हिडिओ प्रश्न आणि प्रयोग यांच्या मधे आला तर कामाचा. प्रयोगाच्याच जागी येऊन बसला, तर शिकल्याचा नुसता भास होतो.

सुरुवात आपल्याच मातीतली आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी ‘अंकुराची वाढ’ नावाची छोटीशी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि त्याचं थोडं थोडं चित्रण रोज करत राहायचं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. फाळक्यांना ती दाखवून भांडवल उभं करायचं होतं. पण नकळत त्यांनी शैक्षणिक चित्रफितीचं खरं बळ कशात आहे ते दाखवून दिलं. रोप वाढतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते वाढताना कोणी पाहिलेलं नसतं. डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचं जे जे आहे, फार हळू, फार वेगवान, फार लहान, फार दूर किंवा फार धोक्याचं, ते व्हिडिओने जरूर दाखवावं. पेशीचं विभाजन, लाव्हाचा प्रवाह, चंद्रावर पडणारी हातोडी आणि पीस हे दिघ्याच्या वर्गात दुसऱ्या कुठल्या मार्गाने येणार? पण जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालायला व्हिडिओ कशाला हवा? मेणबत्ती पाच-दहा रुपयांत मिळते. आज शाळांना पुरवल्या जाणाऱ्या डिजिटल साहित्यात अशाच प्रयोगांची ऍनिमेशन भरलेली असतात. जे हाताने करता येतं ते पडद्यावर दाखवायचं आणि जे हाताने करताच येत नाही ते चार ओळींत आटपायचं, अशी ही उलटी वाटणी आहे.

सरकारी पातळीवरचा पहिला मोठा प्रयोग ‘साइट’चा. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचली. अहमदाबादच्या स्पेस ऍप्लिकेशन्स सेंटरमध्ये प्रा. यशपाल त्याचं नेतृत्व करत होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. लहान मुलांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमांची निर्मिती मात्र इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत झाली. माझ्या दृष्टीने ‘साइट’चा सगळ्यात शहाणा भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होता. प्राथमिक शिक्षकांना टीव्हीवर दाखवलं, रेडिओवर समजावलं आणि त्यासोबत प्रत्यक्ष कृतीही करायला लावली. पडदा एकटा पुरत नाही, हे तेव्हाच्या लोकांना पुरतं उमगलं होतं.

पुढे इन्सॅटच्या काळात, १९८४ साली, पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने मराठीतले शालेय कार्यक्रम सह्याद्री वाहिनीवर पाहिले ते तिच्यामुळे. पैशांअभावी ती अनेक वर्षं रखडली आणि २०१७ साली बंद पडली. मुलांसाठी मराठीत विज्ञान कसं दाखवावं याचा तीन दशकांचा हातखंडा, ते लिहिणारे, चित्रित करणारे, संकलन करणारे लोक, असे पांगू द्यायला नको होते. अशी संस्था पुन्हा उभारायला एक पिढी जाते.

अरविंद गुप्तांचं काम याच पुण्यातलं, पण जातकुळी वेगळी. आयआयटी कानपूरचे हे अभियंता टेल्कोत असताना १९७८ साली रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून खेड्यांतल्या शाळांत करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम चालू होता. पुढे ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या शेकडो छोट्या फिल्म केल्या, अनेक भाषांत आणल्या आणि सगळ्या फुकट वाटल्या. या फिल्म जेमतेम दोन-तीन मिनिटांच्या. भपका नाही, निवेदकाचा चेहराही बहुधा दिसत नाही. दिसतात ते काम करणारे हात. त्यांची सर्वपरिचित मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लोहचुंबक आणि लॅकर चढवलेली तांब्याची तार. तारेचं वेटोळं करायचं, दोन्ही टोकं बाहेर काढायची, ती पिनांच्या डोळ्यांतून ओवायची. खुबी लॅकर खरवडण्यात आहे: एका टोकावरचं सगळं काढायचं, दुसऱ्या टोकावरचं फक्त एका बाजूचं. व्हिडिओत हे दहा सेकंदांत होऊन जातं. मूल ते करायला बसतं तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही टोकं साफ खरवडून टाकतं. मग वेटोळं फिरत नाही, नुसतं थरथरतं. का? कारण वीज अर्ध्या फेरीत तोडली नाही, तर उरलेल्या अर्ध्या फेरीत चुंबक वेटोळ्याला मागे ओढतो. मोटरमधल्या विद्युतधारेची सगळी करामत त्या न खरवडलेल्या अर्ध्या बाजूत आहे, आणि ती कळते ती थरथरणाऱ्या वेटोळ्याकडे पाहताना. गुप्तांच्या फिल्मचं मोठेपण असं की त्या पाहून कोणी गप्प बसू शकत नाही. लगेच साहित्याच्या शोधाला लागावंसं वाटतं. शैक्षणिक व्हिडिओ पारखायला मला याहून चांगली कसोटी सुचत नाही.

संशोधन काय म्हणतं? १९८७ साली अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाची फिल्म निघाली. हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना विचारलं गेलं की ऋतू का होतात, किंवा चंद्राच्या कला का दिसतात. २१ जणांची उत्तरं चुकली. पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उन्हाळा, असं कित्येकांनी बिनदिक्कत सांगितलं. शिकवलेलं डोक्यात रुजलं नव्हतं, कारण तिथे आधीच स्वतःची एक समजूत घर करून होती आणि तिला कोणी हात लावला नव्हता.

याच धाग्यावर डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडी केली. पुढे ते ‘व्हेरिटासियम’ वाहिनीमुळे जगभर ओळखले गेले. त्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला स्वच्छ, सुटसुटीत समजावणारा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत दोघांचा संवाद होता, आणि त्यातला एक जण नेहमीच्या चुकीच्या समजुती मांडत होता. पहिला गट म्हणाला, छान होता, सगळं समजलं. परीक्षेत त्यांच्या गुणांत जवळजवळ फरक पडला नाही. आत्मविश्वास तेवढा वाढला. दुसऱ्या गटाला व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला, डोकं लावावं लागलं, आणि गुण वाढले त्यांचे. व्हिडिओ निवडणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. मुलांना आवडला, मुलं शांत बसली, सगळ्यांनी माना डोलावल्या, यांतली एकही गोष्ट ती शिकल्याचा पुरावा होत नाही. ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या व्हिडिओंच्या लाखो दर्शनांचा अभ्यास करून २०१४ साली निघालेला ‘सहा मिनिटांच्या आतला व्हिडिओ सर्वाधिक पाहिला जातो’ हा निष्कर्ष सगळे उद्धृत करतात. पण तो पाहण्याबद्दल आहे, शिकण्याबद्दल नाही.

हार्वर्डमध्येच २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्यक्ष प्रात्यक्षिकांचा होता, आणि तो व्हिडिओला जसाच्या तसा लागू पडतो. वर्गात प्रयोग नुसता पाहिलेल्या विद्यार्थ्यांना, तो न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त समजलं नव्हतं. ज्यांनी प्रयोगाआधी ‘काय होईल’ याचा अंदाज कागदावर लिहिला, त्यांना लक्षणीय जास्त समजलं. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. व्हिडिओ निकालाच्या आधी थांबवायचा, प्रत्येकाने अंदाज लिहायचा, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि मग पुढे जायचं. एवढं जरी दिघ्यातल्या प्रत्येक वर्गात झालं, तरी आज आहेत त्याच व्हिडिओंचं मोल कितीतरी वाढेल.

याच्याही पुढे जाता येतं, आणि तिथे विज्ञान आणि चिकित्सक विचार एकत्र येतात. दिघ्यात डोंगराच्या कुशीत ब्रिटिश काळात रेल्वेसाठी बांधलेलं धरण आहे. पाण्याच्या दाबाचा धडा शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही: जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणून धरणाची भिंत पायाशी जाड. या धड्यात एक चित्र हमखास असतं. उभ्या बाटलीला वर, मधे आणि खाली तीन भोकं. वरची धार जवळ पडते, मधली जरा दूर, खालची सगळ्यात लांब. अनेक पुस्तकांत ते असंच छापलेलं असतं आणि ऍनिमेशन बनवणारे तेच हलवून दाखवतात. आता पाण्याची रिकामी बाटली घ्या. तळापासून पाण्याच्या उंचीच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण उंचीवर तापलेल्या खिळ्याने सारखी भोकं पाडा, बाटली जमिनीवर ठेवा आणि वरून पाणी ओतत पातळी कायम राखा. सगळ्यात लांब पडते ती मधली धार. वरची आणि खालची जवळजवळ एकाच जागी पडतात.

वर्गात इथे गलका व्हायलाच हवा. मग दाबाचा नियम खोटा का? मुळीच नाही. खालची धार खरोखरच सगळ्यात वेगाने निघते. भोकांच्या तोंडाशी नीट पाहिलं तर ते दिसतंही. पण ती जमिनीच्या इतकी जवळ असते की लांब जायला तिला वेळच मिळत नाही. वरच्या धारेकडे वेळ भरपूर, वेग कमी. तीच बाटली स्टुलावर ठेवा, मग खालची धार सगळ्यात लांब जाईल आणि पुस्तकातलं चित्र खरं ठरेल. म्हणजे चित्रात नियम बरोबर होता, पण बाटली कुठे ठेवली आहे हे सांगायचं राहून गेलं होतं. या एका तासात मुलाला दोन गोष्टी मिळतात: दाब आणि पतनकाळ यांचं गणित, आणि छापलेली, हलणारी, सुरेख आवाजात सांगितलेली गोष्टसुद्धा तपासून पाहता येते हा अनुभव. चिकित्सक विचारावर वेगळा व्हिडिओ दाखवून ही दुसरी गोष्ट येत नाही. शिक्षकांनी असे ‘चुकलेले’ व्हिडिओ मुद्दाम जमवून ठेवावेत. ते चांगल्या व्हिडिओंइतकेच मोलाचे आहेत.

शाळेबाहेर या सवयीची गरज किती आहे, हे मुंबईने दोनदा पाहिलं. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीवर ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं, हे वैज्ञानिकांनी दुधात रंग घालून दाखवलं. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याचा बोभाटा झाला आणि लोक ते बाटल्यांत भरून प्यायले. पावसाळ्यात मिठी नदीतून येणाऱ्या पाण्याने खाडीचा खारेपणा कमी होतो, आणि गोड लागलेलं पाणी स्वच्छ असतंच असं नाही, हे ऐकायला त्या गर्दीत कोणी थांबलं नाही. दिघ्याच्या मुलांच्या दारातही खाडी आहे. भरती-ओहोटीच्या वेळी आणि पावसाआधी-पावसानंतर मोठ्या माणसाने काढून आणलेलं खाडीचं पाणी आटवून तळाशी किती मीठ उरतं ते मोजणं हा चिकित्सक विचाराचा धडाच आहे.

मराठीतल्या चिकित्सेचा सगळ्यात सुंदर नमुना मात्र २००८ चा. जयंत नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत फलज्योतिषाची चाचणी घेतली. निम्म्या कुंडल्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या, अशा दोनशे कुंडल्या जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या देऊन कुठली कोणाची ते ओळखायला सांगितलं. ५१ जणांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली, आणि त्यांची सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नास टक्के आली असती. यात कोणाचा अवमान नाही, कोणावर आवाज चढवलेला नाही. दावा काय, तो कसा तपासायचा आणि निकाल काय, एवढंच. यावर शाळेसाठी एक चांगली मराठी मालिका व्हावी, आणि प्रत्येक भागात निकाल सांगण्याआधी मुलांना विचारलं जावं: ‘तुम्ही असता तर ही चाचणी कशी आखली असती?’

व्हॉट्सॲपच्या जमान्यात चिकित्सेचं प्रशिक्षण कितपत टिकतं, याचं उत्तर बिहारमधून मिळालं आहे. तिथे सुमित्रा बद्रीनाथन यांनी केलेल्या आधीच्या अभ्यासात, तासाभराच्या एकाच सत्राने लोकांची खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता सरासरीने वाढली नव्हती. नंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तेरा हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांसोबत अनेक आठवडे चाललेले वर्ग घेतले. त्याचा परिणाम झाला, आणि तो काही महिन्यांनंतरही टिकून होता. युगांडात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा हजारांवर मुलांना आरोग्याचे दावे पारखायला शिकवण्यात आलं. तेही चित्रकथेच्या पुस्तकातून, शिक्षकांच्या हातून, सत्रभर. माध्यम चित्रकथा असो की व्हिडिओ, नियमित वर्ग आणि तो घेणारा माणूस या दोन गोष्टींना पर्याय नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. टाळेबंदीत, जुलै २०२० मध्ये, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका सह्याद्रीवर सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांना घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंमधून शिकवायचा तिचा प्रयत्न होता, आणि त्यासाठी मोबाइल लागत नव्हता. त्या काळातल्या सगळ्या ऑनलाइन धडपडीत मला हीच वाट सगळ्यात समंजस वाटते. बालभारतीच्या पुस्तकांत आता क्यूआर कोड आहेत, ‘दीक्षा’ हा सरकारी डिजिटल मंच आहे, डिजिटल शाळांची चळवळ आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसलेंना २०२० साली जागतिक पुरस्कार मिळाला तो याच वाटेवरच्या कामासाठी. पण ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत, १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो काही शैक्षणिक कामासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. दिघ्यासारख्या शहरी कष्टकरी वस्तीतलं चित्र याहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. घरात फोन एकच असला आणि वडील तो कामावर घेऊन गेले, तर ‘घरी व्हिडिओ बघून या’ हा गृहपाठ मुलावर अन्याय करतो.

म्हणून मी पैसे आणखी पडद्यांवर घालणार नाही. प्रत्येक शाळेला एक पेटी हवी: सेल, चुंबक, तार, भिंग, फुगे, बाटल्या, मोजपट्ट्या. आठवड्याला एक सलग दुहेरी तासिका हवी, जिच्यात कोणी पुस्तक उघडणार नाही. शिक्षकांना वर्षातून निदान काही दिवस मानखुर्दला पाठवावं. १९७४ साली स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र दिघ्यापासून फार दूर नाही, आणि मुलांच्या चुकीच्या समजुती कशा शोधायच्या हे तिथल्या लोकांना नेमकं माहीत आहे.

आणि फोन मुलांच्या हाती द्यावा तो चित्रण करायला. एक उपक्रम तर उद्याही सुरू करता येईल. ‘दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर येतो’ हे सगळ्यांना पाठ असतं. डिसेंबरच्या अखेरीस मैदानात सरळ काठी रोवावी आणि साडेअकरा ते दीड दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. दिघ्यात सावली सर्वांत आखूड होते ती १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास, कारण आपली घड्याळं मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताच्या वेळेने चालतात. आखूड झालेली ती सावलीही बऱ्यापैकी लांब असते. सूर्य माथ्यावर आलेलाच नसतो. तो दिघ्यात माथ्यावर येतो वर्षातून दोनच दिवस, एकदा मेच्या मध्यात आणि एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेलं. ते दोन दिवस व्हिडिओवर पाहावेत, त्याला इलाज नाही. बाकी सगळं मुलांनी स्वतः चित्रित करून नागपूरच्या एखाद्या शाळेला पाठवावं आणि त्यांची फीत मागवावी. नागपूरची सावली साधारण १२ वाजून १४ मिनिटांनीच आखूड होऊन गेलेली असेल. दोन्ही फिती शेजारी शेजारी लावून सातवीच्या मुलांना विचारावं की ही चोवीस मिनिटं आली कुठून, आणि उत्तर सांगायची घाई करू नये.